अकरा मिलिमीटरची गोष्ट

कंपासपेटीतील पट्टी काढा आणि तिच्यावर अकरा मिलिमीटर मोजा. तुमच्या करंगळीच्या नखाची रुंदीही जवळपास एवढीच भरेल. हे अंतर ध्यानात ठेवा. आज आपण लाकडी पट्ट्यांची एक लहानशी नाव जुळवणार आहोत. ती पाण्यात सोडली, की तिचा काठ पाण्याच्या वर एवढाच उरला पाहिजे. खऱ्या नावेत १८ माणसांचे प्राण एवढ्याच अंतरावर अवलंबून होते.

लाकडी जहाजांच्या प्रतिकृती जुळवण्याचे संच बाजारात मिळतात. त्यांत कापलेले प्लायवूड, लाकडाच्या पातळ पट्ट्या, दोरा, कापड आणि आराखडा असतो. पुष्कळांना वाटते, की हा कपाटात मांडण्याचा शोभेचा खेळ आहे. परंतु मापात बनवलेली प्रतिकृती हे मोजमापाचे एक साधनही आहे. तिला प्रश्न विचारता येतात आणि ती उत्तरेही देते. तीन डोलकाठ्यांचे मोठे जहाज नवशिक्याने हाती घेऊ नये. दोरखंडांच्या जंजाळात तो हमखास अडकतो. त्यापेक्षा एका मोठ्या जहाजाची छोटी नाव निवडू या. ती म्हणजे ‘बाउंटी’ या इंग्रजी जहाजाची लाँच. नवशिक्यांसाठी तिचे १:१६ या प्रमाणातील संच मिळतात. आपल्याकडे लाँच म्हटले, की इंजिनाची बोट डोळ्यांपुढे येते. त्या काळी मात्र मोठ्या जहाजावर ठेवलेल्या, वल्ह्यांनी व शिडांनी चालणाऱ्या नावेला लाँच म्हणत.

नावेची हकिकत

बाउंटी जहाज ताहिती बेटावरून नीरफणसाची रोपे घेऊन वेस्ट इंडीजकडे निघाले होते. कोकणात आणि गोव्यात ज्याचे काप करतात, तोच हा नीरफणस. २८ एप्रिल १७८९ रोजी पॅसिफिक महासागरात टोंगा बेटांजवळ फ्लेचर ख्रिश्चन याच्या नेतृत्वाखाली काही खलाशांनी बंड केले. कप्तान विल्यम ब्लाय आणि त्याच्याबरोबरची १८ माणसे, अशा एकूण १९ जणांना त्यांनी लाँचमध्ये उतरवले आणि जहाज घेऊन ते निघून गेले.

लाँचची लांबी २३ फूट, रुंदी ६ फूट ९ इंच आणि खोली २ फूट ९ इंच होती. तिच्यात १५० पौंड पाव म्हणजे जहाजावरची कडक बिस्किटे, ३२ पौंड डुकराचे मांस आणि २८ गॅलन पाणी होते. थोडी रम आणि दारूच्या काही बाटल्याही होत्या. होकायंत्र आणि सूर्याची उंची मोजण्याचे क्वाड्रंट मिळाले, पण नकाशे मिळाले नाहीत. जवळच्या टोफुआ बेटावर अन्नपाण्यासाठी उतरले असता तेथील लोकांच्या हल्ल्यात एक जण मारला गेला. उरलेले १८ जण पश्चिमेकडे निघाले. ४१ दिवसांत ३,६१८ सागरी मैल, म्हणजे सुमारे ६,७०० किलोमीटर अंतर कापून त्यांनी तिमोर बेट गाठले आणि १४ जून १७८९ रोजी ते कूपांग बंदरात उतरले. टोफुआ सोडल्यानंतरच्या या प्रवासात एकही माणूस दगावला नाही.

माणसे आणि सामान भरल्यावर या नावेचा काठ मध्यभागी पाण्याच्या वर सुमारे ७ इंचच उरला होता. प्रवासात वादळी वारा, पाऊस आणि आत येणाऱ्या लाटा यांनी तिची पाठ सोडली नाही. मग ती तरली कशी? केवळ नशीब म्हणून सोडून देऊ नका. प्रतिकृतीलाच विचारू या.

प्रमाण समजून घ्या

१:१६ म्हणजे खऱ्या नावेची प्रत्येक लांबी सोळाने भागायची. २३ फूट म्हणजे २७६ इंच. भागिले १६, उत्तर १७.२५ इंच, म्हणजे सुमारे ४४ सेंटिमीटर. अशाच रीतीने रुंदी सुमारे १३ सेंटिमीटर आणि खोली सव्वापाच सेंटिमीटर येते. पाण्यावरचा ७ इंचांचा काठ? ७ भागिले १६, म्हणजे ०.४४ इंच. हेच आपले अकरा मिलिमीटर!

आता जरा थांबा. नावेतील एक माणूस सरासरी ६४ किलोग्रॅम वजनाचा धरू. प्रतिकृतीत त्याचे वजन किती ठेवाल? ६४ भागिले १६, म्हणजे ४ किलोग्रॅम, असे उत्तर कोणी दिले तर ती नाव क्षणात तळाशी जाईल. माणूस उंचीत सोळा पट लहान झाला, तसा रुंदीत आणि जाडीतही झाला. म्हणून त्याचे घनफळ १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ पट कमी होते. वजनही तितकेच पट कमी केले पाहिजे. ६४ किलोग्रॅम म्हणजे ६४,००० ग्रॅम. त्याला ४,०९६ ने भागल्यास उत्तर येते सुमारे १६ ग्रॅम.

थोडक्यात नियम असा : लांबी सोळा पट कमी, क्षेत्रफळ २५६ पट कमी, घनफळ आणि वजन ४,०९६ पट कमी. कोन मात्र मुळीच बदलत नाही. मोठ्या त्रिकोणाचे लहान चित्र काढले, तरी त्याचे कोन तेच राहतात. हा शेवटचा मुद्दा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

जुळणी करताना

संच उघडल्याबरोबर सगळे भाग सुटे करू नका. प्रथम यादीशी ताडून पाहा आणि प्रत्येक भागावर पेन्सिलीने क्रमांक घाला. नावेचा कणा म्हणजे तळातून लांबीने जाणारे लाकूड. कोकणातील नावा बांधणारे सुतार त्याला पठाण म्हणतात. या कण्यावर आडव्या फासळ्या काटकोनात बसवायच्या. गुण्या लावून प्रत्येक फासळी तपासा. येथे झालेली एका अंशाची चूक पुढे कोणत्याही रंगाखाली लपत नाही.

फासळ्यांवर लाकडी पट्ट्या चढवायच्या. पट्टी कोरडी वाकवली तर मोडते. ती अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, मग ती सहज वाकते. असे का होते? लाकडात सेल्युलोजचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना जखडलेले असतात. ओलावा आणि उष्णता मिळाली, की ही जखड सैल होते आणि तंतू थोडे सरकतात. वाळून गार झाल्यावर ती पुन्हा घट्ट होते आणि पट्टी आपला बाक बऱ्याच अंशी धरून ठेवते. ओली पट्टी फासळ्यांवर चिमट्यांनी पकडून वाळू द्या. कपडे वाळत घालायचे चिमटे या कामाला उत्तम. ती पूर्ण वाळल्यावरच सुतारकामाचा पांढरा गोंद लावा.

एक पट्टी डाव्या बाजूला बसवली, की दुसरी उजव्या बाजूला बसवा. पहिल्या प्रयत्नात पुष्कळांकडून एक चूक होते : ते एक बाजू पुरी करून मग दुसरीकडे वळतात. वाकवलेली प्रत्येक पट्टी सरळ होऊ पाहते आणि सांगाड्याला आपल्याकडे ओढते. सगळा ताण एकाच बाजूला पडला, तर कणाच पिळवटतो. दोन्ही बाजूंचे ताण समान राहिले, तर ते एकमेकांना तोलतात.

आता एक भूमितीचे कोडे. नाव मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती असते. मग सारख्या रुंदीच्या पट्ट्या टोकाशी मावणार कशा? कागदाची फीत घ्या. मधल्या फासळीवर कण्यापासून काठापर्यंतचा घेर मोजा, मग पुढच्या टोकाशी मोजा. समजा, मध्ये ९० मिलिमीटर आणि टोकाशी ५४ मिलिमीटर भरले. नऊ पट्ट्या बसवायच्या असतील, तर प्रत्येक पट्टी मध्ये १० मिलिमीटर आणि टोकाशी ६ मिलिमीटर रुंद हवी. म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून निमुळती केली पाहिजे. खऱ्या नावा बांधणारे कारागीरही फळ्या अशाच निमुळत्या करतात.

शेवटी बाहेरून पॉलिशपेपर मारा आणि आतून-बाहेरून व्हार्निशचे दोन-तीन हात द्या, म्हणजे पाणी झिरपणार नाही. धारदार पाते वापरताना वडीलधारे माणूस जवळ असू द्या आणि पॉलिशपेपर मारताना नाकावर रुमाल बांधा.

संच महाग वाटत असेल, तर निराश होऊ नका. जाड पुठ्ठ्याची ४४ सेंटिमीटर लांब, १३ सेंटिमीटर रुंद व सव्वापाच सेंटिमीटर खोल, दोन्ही टोकांना निमुळती नाव करा आणि तिला व्हार्निश किंवा तेलरंग लावा. दिसायला ती तितकी सुबक नसेल, पण प्रयोगाला चालेल.

करवंट्यांचा तराजू

१६ ग्रॅमची माणसे करायची, तर तराजू हवा. येथे ब्लायचीच युक्ती वापरू. नावेतील अन्नाचे समान वाटे करण्यासाठी त्याने नारळाच्या दोन करवंट्यांचा तराजू केला होता. वजन म्हणून पिस्तुलाच्या गोळ्या वापरल्या. त्या नावेत योगायोगाने सापडल्या होत्या. अशा २५ गोळ्यांचे वजन एक पौंड भरे, म्हणजे एक गोळी सुमारे १८ ग्रॅमची. एका वेळी एका माणसाला एका गोळीइतका पाव आणि पाव पाइंट पाणी, असे दिवसातून तीनदा मिळे. दिवसाचा एकूण पाव अवघा ५४ ग्रॅम!

२४ मे रोजी ब्लायने साठा तपासला. या हिशेबाने तो २९ दिवस पुरणार होता. प्रवास लांबला तर? त्याने रात्रीचा पाव बंद केला. आता साठा किती दिवस पुरेल? २९ × ३ म्हणजे ८७ वाटे, भागिले २, उत्तर साडेत्रेचाळीस दिवस. साधे व्यस्त प्रमाणाचे उदाहरण, पण ते सोडवणाऱ्या माणसाच्या पोटातही भूकच होती. वाटे डोळ्यांनी अंदाजाने केले असते, तर नावेत दुसरे बंड व्हायला वेळ लागला नसता. कोणालाही दिसेल असा तराजू समोर टांगल्यामुळे वाटा किती, हा वादाचा प्रश्न राहिला नाही.

तुम्हीही दोन सारख्या करवंट्या बांबूच्या पट्टीच्या टोकांना सुतळीने टांगा. पट्टी मधोमध अडकवा. तोल साधत नसेल, तर हलक्या बाजूला मातीचा गोळा चिकटवा. एका करवंटीत औषधाच्या मापाने मोजून १६ मिलिलिटर पाणी ओता. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम, म्हणून हे झाले १६ ग्रॅम. दुसऱ्या करवंटीत चिकणमाती घालत जा. तोल साधला, की एक माणूस तयार! अशी अठरा माणसे करून वाळवा. माती वाळताना हलकी होते, म्हणून वाळल्यावर पुन्हा तोला आणि कमी पडेल तेवढी भर घाला.

नाव पाण्यात सोडा

मोठे टब किंवा टाकी पाण्याने भरा आणि नाव सोडा. मोकळी नाव पाण्यावर उंच तरंगेल. आता आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. नावेचा पाण्यालगतचा छेद सुमारे ४४ × १३ सेंटिमीटरचा आहे, पण टोके निमुळती असल्याने त्या आयताचा साधारण ०.७ भाग धरू. क्षेत्रफळ आले सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे नाव एक मिलिमीटर खाली जाण्यासाठी ४० घन सेंटिमीटर पाणी सारावे लागते, अर्थात ४० ग्रॅम वजन ठेवावे लागते. अठरा माणसांचे वजन २८८ ग्रॅम. नाव किती खाली जाईल? सुमारे ७ मिलिमीटर. पट्टी लावून खात्री करा.

त्यानंतर सामान म्हणून तळाशी खडे ठेवत जा आणि मध्यभागी काठ पाण्यापासून ११ मिलिमीटरवर आणा. तळाशी ठेवलेल्या अशा भाराला आपल्या किनाऱ्यावर नीरम म्हणतात. आता तुमच्यासमोर १७८९ सालची ती नाव आहे. तिच्याकडे क्षणभर पाहा. टबातील पाण्यावर नुसती फुंकर घातली, तरी तरंग काठाला लागतो.

हाच हिशेब खऱ्या नावेला लावा. तेथे एक सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे १०० किलोग्रॅम वजन लागते. एका मोठ्या लाटेने १,००० लिटर पाणी आत टाकले, तर नाव १० सेंटिमीटर खाली जाते आणि १८ पैकी केवळ ८ सेंटिमीटर काठ उरतो. दुसरी लाट आली, की सारे संपले. म्हणून ते रात्रंदिवस पाणी उपसत राहिले. दहा लिटरची एक बादली बाहेर फेकली, की नाव फक्त एक मिलिमीटर वर येई. पण तोच मिलिमीटर मोलाचा होता. ३ मे रोजी वादळात ब्लायने प्रत्येकाचे दोन जोड ठेवून बाकीचे कपडे, जादा दोर आणि शिडे समुद्रात टाकायला लावली. पाव भिजू नये, म्हणून तो सुताराच्या हत्यारांच्या पेटीत ठेवला. पुढे नावेभोवती कापडाचा आडोसा केला आणि मागच्या भागातील बाकांच्या फळ्या काठावर ठोकून तो काठ सुमारे नऊ इंच उंच केला. तुमच्या प्रतिकृतीत हे नऊ इंच म्हणजे १४ मिलिमीटर. मागच्या काठावर तेवढ्या रुंदीची पट्टी लावून पुन्हा लाटा करून पाहा. फरक तुम्हाला दिसेल.

कलली तर?

आता कोनांकडे वळू. प्रतिकृतीची अर्धी रुंदी ६४ मिलिमीटर आणि काठ ११ मिलिमीटर वर. कागदावर या मापांचा काटकोन त्रिकोण काढा आणि कोनमापकाने लहान कोन मोजा. तो सुमारे १० अंश भरेल. म्हणजे नाव दहा अंश कलली, की काठ पाण्याला टेकला. कोन प्रमाणाने बदलत नाही, असे आपण म्हटले होते. म्हणून खऱ्या नावेचाही धोक्याचा कोन दहा अंशच! भिंतीवरच्या घड्याळात मिनिटकाटा दोन मिनिटांत बारा अंश सरकतो. एवढाही झुकाव त्या नावेला परवडणारा नव्हता.

डोलकाठीला ओळंबा लावा आणि मागे कोनमापक चिकटवा. मातीची माणसे प्रथम तळाशी आडवी ठेवा आणि त्यांपैकी एक काठाकडे सरकवा. कोन टिपून घ्या. मग बाकीच्या माणसांना काड्यांवर उभे करा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. या वेळी नाव जास्त कलते. कदाचित उलटेलही.

कारण असे. नाव एका बाजूला कलली, की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो आणि पाण्याचे प्लावक बल त्या बाजूकडे सरकून तिला वर ढकलते. नावेचे वजन मात्र गुरुत्वमध्यातून खाली ओढते. गुरुत्वमध्य खाली असेल, तर ही जोडी नावेला सरळ करते. तो फार वर गेला, तर हीच जोडी तिला आणखी कलंडवते. १७४६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर बूगेर यांनी जहाजबांधणीवरील आपल्या ग्रंथात या तोलाचे गणित मांडले. ब्लायच्या नावेत निम्मी माणसे बसून काम करीत, तेव्हा निम्मी तळाशी आडवी होत. ही व्यवस्था विश्रांतीसाठी होती, पण तिने नावेचा गुरुत्वमध्यही खाली ठेवला.

प्रतिकृती काय सांगत नाही

प्रत्येक साधनाची मर्यादा ओळखली पाहिजे. टबातील गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असते, म्हणून त्यात नाव किंचित खोल जाते. शिवाय वेग सोळाने भागून चालत नाही. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने दाखवून दिले, की लाटांच्या बाबतीत वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने भागावा लागतो. त्याने १८७२ मध्ये इंग्लंडमध्ये टॉर्की येथे प्रतिकृती ओढून पाहण्यासाठी लांब टाकी बांधली. आजही मोठी जहाजे बांधण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती अशा टाक्यांत तपासतात. आपल्या प्रमाणात १६ चे वर्गमूळ ४. लाँचचा सरासरी वेग ३,६१८ भागिले ४१ दिवस भागिले २४ तास, म्हणजे ताशी सुमारे ३.७ सागरी मैल. त्याचा चौथा भाग सेकंदाला सुमारे ४७ सेंटिमीटर होतो. प्रतिकृती दोऱ्याने ओढायची असेल, तर एक मीटर अंतर दोन सेकंदांहून थोडे अधिक वेळात जाईल, असे पाहा.

आणि भूक, थंडी, भीती यांची प्रतिकृती कोणत्याही प्रमाणात होत नाही. ती कल्पनेनेच जाणावी लागते. पण अकरा मिलिमीटर डोळ्यांनी पाहिल्यावर ती कल्पना करणे खूप सोपे जाते.

करून पाहा

१. प्रतिकृतीत ४० मिलिलिटर पाणी ओता. काठ किती खाली गेला? खऱ्या नावेत हे किती लिटर होतील?

२. तुमचे स्वतःचे वजन १:१६ प्रमाणात किती ग्रॅम होईल?

३. तेवढेच खडे एकदा तळाशी आणि एकदा बाकावर ठेवा. दोन्ही वेळा काठ पाण्यापासून तितकाच वर राहतो, पण नाव कलण्यात फरक पडतो. असे का?

४. वर्गात सर्वांनी मिळून ५४ ग्रॅम पाव किंवा चपाती करवंट्यांच्या तराजूने मोजा. मग ती एका दिवसाचे जेवण म्हणून समोर ठेवून बघा.